एका घावाची कुदळ

मी कुदळ बोलतेय. माझ्या अंगावर थोडा चंदेरी रंग अजून शिल्लक आहे. तो कशासाठी लावला होता, ते मला आजही नीट कळलेलं नाही.

पारोळ्याच्या लोहाराने मला घडवलं. ऐंशीच्या सुमारास भाईदासने मला गावची विहीर खोदायला घेतलं. तेव्हा तो तरणा होता. हाताला फोड आले तरी घाव घालायचा. विहिरीला पाणी लागलं आणि गावाने त्याला निवडून दिलं. आधी जिल्हा परिषदेवर, मग आमदार म्हणून. सगळे त्याला नाना म्हणू लागले. "ही कुदळ लकी शे," म्हणत त्याने मला रंगवलं, रिबीन बांधली आणि जीपमध्ये ठेवलं.

मग भूमिपूजनं सुरू झाली. नारळ फुटायचा, नाना एक घाव घालायचा, टाळ्या वाजायच्या, की मी परत कापडात. विहिरीवर तर कुणी टाळी वाजवली नव्हती! इथे काम सुरू व्हायचं की संपायचं?

आमच्या गावाला नाला आडवा. पावसाळ्यात पोरांची शाळा बुडायची, बाळंतिणीला खाटेवरून पलीकडे न्यावं लागायचं. पुलाचं भूमिपूजन दर निवडणुकीआधी व्हायचं. पंच्याण्णवला मी पुन्हा पडले ती त्याच दगडावर. माझी जुनी खूण तिथेच होती.

गर्दीतून वच्छलाबाई ओरडली. तिच्या सुनेलाही बाळंतपणात त्याच खाटेवरून न्यावं लागलं होतं. "नाना, आते दुसरा घाव बी मारा ना! एक घावमा पूल व्हस का?"

"नाना दमी जाई, अक्का!" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

नानाही हसला आणि त्याने मला पुन्हा उचललं. पण दांडा घट्ट धरणारी माझी पाचर इतक्या वर्षांत कुणी ठोकलीच नव्हती. दांडा त्याच्या हातात राहिला, मी नाल्यात पडले.

नाना निवडणूक हरला. वच्छलाबाईने मला चिखलातून काढून बाभळीचा दांडा बसवला. पूल नाही तर नाला ओलांडायला दगडी फरशी तरी, म्हणून आता गावच्या बाया माझ्याने काठ फोडून नाल्यात दगड बसवतात.

काल नाना आला, जीपशिवाय. बाया काठ फोडत होत्या तिथे येऊन त्याने बाह्या सरसावल्या.

"आण अक्का, मनाकडे दे," म्हणत त्याने मला घ्यायला हात पुढे केला.

"रिबीन नही शे, हां," वच्छलाबाई म्हणाली.

त्याने घाव घातला. सवयीने मी टाळ्यांची वाट पाहिली. दुसरा पडला. तिसरा. नारळ नाही, फोटोवाला नाही, हाताला फोड आलेले, तरी तो थांबेना. मी अजूनही गोंधळलेलीच आहे. एका घावाचा नाना आणि हा नाना, यातला आमदार कोणता होता?

तुम्ही मला रंग लावू नका. पाचर तेवढी घट्ट ठोकत जा.