जावईबापूंनी निवडलेलं झाड

मी एक जुनी कप्पी आहे. विहिरीवर पाणी शेंदताना कुरकुर करणारी ती कप्पी मी नव्हे, मित्रांनो. तिचं नि माझं नातं जोडाल तर मला राग येईल. मी झाडं ओढणारी कप्पी. दोन जाड पोलादी गाल, मध्ये चाक, डोक्यावर आकडा. माझा एक गाल खटका दाबला की उघडतो, म्हणजे लांबच्या लांब दोराचं टोक शोधत बसायला नको. मधूनच दोर आत घालायचा आणि गाल मिटायचा. हे मुद्दाम सांगते, कारण ज्यांना हे कळत नाही ते माझ्या खटक्यावर हातोडी मारतात. असले शहाणे मी आयुष्यात पोत्याने पाहिले.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. मला ओतणारा माणूस सारख्या जांभया देत होता, तरी मी धड निघाले, हे त्याचं नशीब. तिथून मी एका लोखंडी सामानाच्या दुकानात आले. गिऱ्हाइकं यायची, माझं चाक गर्रकन फिरवून बघायची, 'वा, काय माल आहे' म्हणायची आणि शेजारची पत्र्याची कप्पी घेऊन जायची. का, तर म्हणे स्वस्त! त्यांचं त्यांना लखलाभ. पहिल्याच ओढीला त्या कप्प्यांची पापडासारखी शकलं झाली असतील, मला काय त्याचं?

शेवटी मला एका माणसाने घेतलं. त्याचा धंदा होता पडलेली झाडं काढण्याचा. रस्त्यावरची नव्हे, ती कुणीही काढतं. उभ्या उतारावर, दरीच्या काठावर, जिथे क्रेनचा हात पोचत नाही आणि गाडी उभी राहत नाही, तिथली. पुढे लोक त्याला सासरेबुवा म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते. माणूस तोंडाने फाटका होता, पण कामात चोख. उभ्या झाडाच्या बुंध्याला पट्टा बांधून त्यात माझा आकडा अडकवायचा, माझ्यातून दोर वळवायचा आणि पडलेलं झाड ओढायचं, ही त्याची रीत. आता दोर माझ्यातून वळून परत फिरला की माझ्यावर आणि त्या उभ्या झाडावर जवळजवळ दुप्पट भार येतो. म्हणून ओढताना एकाने त्या झाडाच्या मुळाशी, मातीवर तळवा टेकून बसायचं, हा त्याचा नियम. माती हलली की ओरडायचं, की सगळं थांबलं. ह्या नियमात चूक केली म्हणून त्याने एकदा सख्ख्या भावाला चार माणसांत असा फैलावर घेतला, की भाऊ आठवडाभर बोलला नाही. तेव्हा मला त्याच्याबद्दल थोडा आदर होता. फार नाही, थोडाच.

मग लेकीचं लग्न झालं, आणि घरात जावईबापू आले.

जावईबापू सपाट मुलखातले. तिकडे झाड पडलं की क्रेन येते, झाड उचलते, संपलं. तिकडचं काम बंद पडलं, म्हणून ते सासऱ्याच्या धंद्यात शिरले. पहिल्याच दिवशी मला उचलून म्हणाले, "मामा, हे भंगार अजून ठेवलंत?" आणि सासरेबुवा चक्क हसले! मला घासून-पुसून तेल देणारा माणूस माझ्या अपमानावर हसला. वाघाची शेळी झाली म्हणतात ती अशी. उठता 'जावईबापू', बसता 'जावईबापू'. त्यांची गाठ सैल दिसली तर सासरेबुवा ते दुसरीकडे गेले की गुपचूप आवळायचे. 'चुकलात' हा शब्द त्या माणसाच्या घशातून बाहेर येईना. मी सहा महिने खोक्यात पडून होते आणि हा तमाशा रोज ऐकत होते.

मग वादळ आलं. एका डोंगरउतारावर घरं एकावर एक चढलेली होती. मधून दगडी पायऱ्या, त्याही इतक्या अरुंद की समोरून कुणी गॅसचा सिलिंडर घेऊन आलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं. सगळ्यात वरच्या घरात एक शिंपीणबाई राहत होती. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, दोरीवर अर्धवट शिवलेले कपडे, खिडकीशी खाट, आणि खाटेवर तिचे वडील. त्यांचं कमरेखालचं अंग गेलेलं. त्याच खिडकीच्या वर, उतारावर, वादळाने एक प्रचंड निलगिरी आडवी केली होती. शेंडा खाली घराकडे, मुळं वर अर्धी उपटलेली, आणि बुंधा एका दगडाला टेकून थांबलेला. पुन्हा जोराचा पाऊस आला असता, तर ती सरळ त्या खाटेवर आली असती.

कचेरीतले दोन साहेब येऊन गेले होते. त्यांनी झाडाचे फोटो काढले, स्वतःचेही काढले, आणि बुंध्याला लाल-पांढरी पट्टी गुंडाळून गेले. ती पट्टी बघून झाड घसरायचा बेत रद्द करेल, अशी त्यांची समजूत असावी.

आम्ही पोचलो तेव्हा शिंपीणबाई दारातच उभी होती. सासरेबुवांना म्हणाली, "काका, बाबांना खाली बहिणीकडे हलवू का? मला एकटीला उचलवत नाहीत. तुमच्यातलं कुणी हात लावेल तर बरं होईल."

सासरेबुवांनी वर झाडाकडे पाहिलं. 'हलवा' हा शब्द त्यांच्या ओठांवर आला होता, मी खोक्यातून बघत होते. तेवढ्यात जावईबापू मध्ये पडले. "म्हाताऱ्या माणसाचे हाल कशाला? जेवणाच्या आत झाड वर गेलेलं असेल. काय मामा?"

"तुम्ही म्हणता तर... राहू दे मग," मामा म्हणाले.

शिंपीणबाईने मान हलवली आणि ती आत जाऊन मशीनवर बसली. तिला वाटलं, हे काकांचंच मत. विचारलं तिने एकाला आणि उत्तर दिलं दुसऱ्याने!

आता मला कुठे बांधायचं? जावईबापूंनी वरची एक उंच, सरळसोट निलगिरी निवडली. पडलेल्या झाडाची सख्खी बहीणच ती. तिच्या मुळाशी वरच्या अंगाला जमीन फाटली होती. पाचोळा जरा बाजूला सारला असता तर चिरेत बोट गेलं असतं. पण पाचोळा सारायला वाकावं लागतं, आणि जावईबापू वाकणाऱ्यांतले नव्हते. तिच्या मागे, थोडं वर, एक बुटकं वाकडंतिकडं झाड खडकाच्या कपारीत घट्ट रुतून उभं होतं. सासरेबुवांनी त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. घसा खाकरला.

"जावईबापू, ते मागचं झाड..."

"त्या खुरट्याला बांधायचं? अहो मामा, दोर सरळ तरी बसेल का?"

"हं. तेही खरंच म्हणा."

खरं कसलं, कपाळ! माझा आकडा त्या देखण्या, पोकळ पायाच्या निलगिरीला अडकला.

सासरेबुवांची लेक खाली एका बाजूला, दोर गुंडाळून ओढणाऱ्या, हाताने चालवायच्या विंचवर होती. तिथून तिला ती फाटलेली जमीन दिसत नव्हती. तिने ओरडून विचारलं, "मुळाशी हात कोण ठेवतंय?"

"आमच्याकडे असलं काही नसायचं," जावईबापू वरून म्हणाले. "एक माणूस उगाच अडकून पडतो."

"राहू दे गं," सासरेबुवा म्हणाले. स्वतःचाच नियम, आणि 'राहू दे गं'! मला त्या क्षणी त्या माणसाची किळस आली.

विंच फिरलं, दोर ताठ झाला, माझं चाक कण्हत सुरू झालं. जावईबापूंनी पेट्रोलवरची करवत चालू करून पडलेल्या झाडाची उरलीसुरली मुळं सटासट कापली. आता ते अख्खं धूड दोरावर, दोर माझ्यावर, आणि मी त्या निलगिरीवर. बुंधा दगडावरून सुटून वर सरकायला लागला. जावईबापूंनी मिशीला पीळ दिला असता, पण मिशी नव्हती.

आणि मला कळलं. माझा पट्टा जरासा खाली आला. फार नाही, पण मी आयुष्य ह्यात घालवलं आहे. बुंधा झुकत होता.

सासरेबुवांनाही कळलं. ते बुटाची लेस बांधायच्या मिषाने निलगिरीच्या मुळाशी बसले होते, आणि तळवा हळूच मातीवर टेकला होता. चोरून! जावयाला दिसू नये म्हणून! माती त्यांच्या हाताखाली उचलली जात होती. खाली खिडकीशी एक माणूस पाय हलवता येत नाही म्हणून पडून होता. अशा वेळी ह्या माणसाने काय म्हणावं?

"जावईबापू, जरा चहा घ्यायचा का?"

मित्रांनो, मी लोखंड आहे, तरी मला लाज वाटली.

"चहा? आत्ता?" जावईबापू हसले. "बुंधा अधांतरी आहे नि तुम्हाला चहा सुचतोय!"

पण लेक आपल्या बापाला ओळखून होती. काम चालू असताना ह्या माणसाने जन्मात कधी चहाचं नाव काढलं नव्हतं. तिने विंच थांबवलं. "अप्पा, तुमचा हात मुळाशी आहे ना? हलतंय का?"

सासरेबुवांनी जावयाकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघताय! माझ्याकडे बघा. हलतंय की नाही?"

"हलतंय," सासरेबुवा म्हणाले. आवाज एवढासा.

"काय हलतंय? मी तर चांगलं..." जावईबापूंनी सुरुवात केली.

"तुम्ही गप्प बसा, आणि खाली पळा!" लेक कडाडली. "त्या बाबांना बाहेर काढा आधी! अप्पा, साखळी घ्या नि हे झाड मागच्या वाकड्याला आवळा. उठा!"

जावईबापू तोंड उघडं टाकून उभे राहिले. मग करवत टाकली आणि पायऱ्यांवरून धडपडत सुटले. पळाले मात्र. एवढं श्रेय मी त्यांना देते, ह्याहून जास्त मागू नका. इकडे सासरेबुवांचे हात एकदम पूर्वीचे झाले. त्यांनी निलगिरीच्या बुंध्याला साखळी घातली, मागे वाकड्या झाडाला वेढा दिला आणि आवळत गेले. ओठ घट्ट, कपाळावर घाम. हेच हात सकाळी कुठे होते, विचारावंसं वाटत होतं.

साखळी ताठ व्हायला आणि मुळं सुटायला एकच गाठ पडली. निलगिरी पुढे कलली, साखळीने तिला धरलं, पण तेवढ्या हिसक्याने माझा आकडा वाकून उघडला, पट्ट्यातून सुटला मात्र नाही, आणि पडलेलं झाड एका माणसाच्या उंचीइतकं खाली घसरलं. शेंड्याची जाड फांदी खिडकीतून आत शिरली. काच फुटली, भिंतीचा तुकडा आत कोसळला, आणि खाट मधोमध मोडली.

खाटेवर नुसती उशी होती. शिंपीणबाईचे वडील तोवर दाराबाहेर, जावईबापूंच्या पाठीवर होते. शिंपीणबाई त्यांचे लोंबकळते पाय धरून मागे उभी होती.

मग काय, गर्दी जमली. सगळ्या उतारावरची माणसं घरातून बाहेर आली, आणि जावईबापूंच्या पाठीवर थापा पडायला लागल्या. "काय तरणाबांड जावई आहे!" "देवासारखे धावलात हो!" लेकीकडे कुणी पाहिलंही नाही, ती अजून विंचचा दांडा धरून उभी होती. माणसांना डोळे कशाला दिलेत, कोण जाणे. आणि सासरेबुवा खाली उतरून त्याच गर्दीत म्हणाले, "खरंच, आमच्या जावईबापूंमुळेच वाचलं सगळं."

"मामा," जावईबापू म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "तुम्हाला ते झाड कच्चं आहे हे सकाळीच कळलं होतं?"

सासरेबुवा जमिनीकडे बघत म्हणाले, "जावई माणूस तुम्ही. चार लोकांत तुमचा मान..."

शिंपीणबाई पुढे आली. तिच्या केसांत भिंतीचा चुरा होता. ती ओरडली नाही. "काका, मी जावयांना नव्हतं विचारलं," ती म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं."

जावईबापू पायरीवर मटकन बसले.

दुसऱ्या दिवशी झाड निघालं. वाकड्या झाडाला दुसरी कप्पी बांधून, तुकड्यातुकड्याने, नीट. मुळाशी तळवा टेकून जावईबापू स्वतः बसले होते, ते जेवायलाही उठले नाहीत. शिंपीणबाईने सगळ्यांना पाणी दिलं. सासरेबुवांनाही दिलं. पण त्यांना ती 'काका' म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही.

मी आता खोक्याच्या तळाशी आहे. वाकलेल्या आकड्याची कप्पी कुणी वापरू नये, ते बरोबरच आहे. मला कुणाची दया नको. अशा गोष्टींच्या शेवटी आम्ही वस्तूंनी हात जोडून म्हणायचं असतं, की आम्हाला जपा, तेलपाणी करा. करा की, त्यात काय एवढं? हत्यार जपणं हे गाढवालाही शिकवता येतं. पण मित्रांनो, कुणी विश्वासाने तुमच्या तोंडाकडे बघून विचारलं, तर कुणाच्या मानापानासाठी गप्प बसू नका. मला जीभ नाही, म्हणून मी त्या दिवशी गप्प होते. तुम्हाला आहे ना, मेल्यांनो?