चिमणीचा लंबक

कल्पना करा बरं, बाळांनो, की तुम्ही एका उंच स्टुलावर बसला आहात आणि पाय काही जमिनीला टेकत नाहीत. आजूबाजूला सगळी तुमच्याहून मोठी मुलं. कुणाला मिशी, कुणाला दाढी. तुमचं दप्तर शाळेचं आणि प्रयोगशाळा मात्र विद्यापीठाची. बसलात? मग ऐका.

अशी एक मुलगी होती. शाळेत दहावीला होती, पण भौतिकशास्त्रात हुशार, म्हणून विद्यापीठाने तिला पहिल्या वर्षाच्या एका विषयाला बसू दिलं होतं. तिथली मुलं तिला चिमणी म्हणत. ती पास झाली, तर पुढचा विषयही मिळणार होता. नापास झाली, तर परत शाळेच्या बाकावर.

प्रात्यक्षिक परीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी परीक्षा घेणाऱ्या मॅडमचा निरोप आला, "येऊन भेट. तुझ्या प्रयोगाबद्दल बोलायचं आहे."

चिमणीच्या मनात पाल चुकचुकली. तिला रोज सोडायला येणारी आत्या तर आधीपासूनच सगळ्या जगावर संशय घेणारी. बसस्टॉपवर ती म्हणाली, "मी सांगते, त्या दाढीवाल्याचंच काम! शेजारच्या टेबलावरून सारखा तुझ्याकडे बघत होता. दारातून पाहिलंय मी."

"बघत होता खरा."

"मग? एवढीशी पोर आपल्या पुढे जाते म्हटल्यावर पोटात दुखणारच. गेला असेल मॅडमचे कान भरायला. माणसानं दाढी ठेवली की तोंडावरचं काही कळतच नाही बघ."

प्रयोगशाळेत शिरताना चिमणीला प्रत्येक चेहरा वेगळाच दिसू लागला. लॅबवाले काका हसले, ते कशाला? त्या दोन मुली बोलता बोलता गप्प का झाल्या? दाढीवाला तर कपाट आवरत मॅडमच्या शेजारीच उभा. पाणी मुरतंय ते इथेच, असं तिला वाटलं.

मॅडम म्हणाल्या, "दोऱ्याला गोळा टांगून त्याच्या वीस झोक्यांना लागणारा वेळ मोजायचा होता. पाच वेळा. तुझी पाचही उत्तरं अठ्ठावीस पूर्णांक चार सेकंद. कुठून आणलीस?"

"मी कॉपी नाही केली! हा दादाच माझ्याकडे बघत होता. यानंच सांगितलं ना तुम्हाला?"

दाढीवाला आधी गांगरला, मग हसू दाबत म्हणाला, "अगं, तुझं स्टूल डगमगत होतं. वाटलं, पडते की काय ही. धरायच्या तयारीत होतो, त्यात माझेच झोके मोजायचे चुकले!"

चिमणीचे कान लाल झाले.

"मला कुणी काही सांगितलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझे आकडेच बोलले. घड्याळ दाबणारा अंगठा माणसाचा असतो. कधी जरा लवकर दाबतो, कधी उशिरा. पाचही वेळा एकच आकडा कुणाचाच येत नाही. माझासुद्धा नाही."

"पण मॅडम, माझे आधी वेगवेगळेच आले होते. मग पुस्तकातल्या उत्तरावरून किती यायला हवं ते मी काढलं आणि जुळवून घेतलं. शाळेत असंच करतात. आकडा जुळला नाही की सर लाल रेघ मारतात."

हे ती इतक्या सरळपणे बोलली, की दाढीवाल्याने कपाटाचं दार लावायचं थांबवलं. मॅडम तिच्याकडे पाहत राहिल्या. पोरगी साधी आहे की पक्की, याचा अंदाज घेत असाव्यात.

"म्हणजे आपण चुकीचं करतोय, असं तुला वाटलंच नाही?"

"नाही. चुकीचं होतं तेच तर खोडलं ना मी."

"इथं त्याला खोटं म्हणतात," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "तुझ्यावर विश्वास ठेवावा की नाही, मला अजून ठरवता येत नाही. माझ्यासमोर पुन्हा कर. पास की नापास, ते त्यावर."

दाढीवाल्याने एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून स्टूल पक्कं केलं. चिमणी चढून बसली. दोरा अर्धा मीटर मोजला, गोळा सोडला, ओठ हलवत झोके मोजले. अठ्ठावीस पूर्णांक दोन. हायसं वाटलं. जवळ तर आलं!

दुसऱ्यांदा सोडला. घड्याळ थांबलं एकोणतीसवर.

एवढा फरक! दाराच्या काचेतून आत्या डोळे वटारून सगळ्यांवर पहारा देत होती. मॅडमचा चेहरा कोरा. हा आकडा पाहून त्या काय म्हणतील? खरंच असंच चालतं इथं, की हीसुद्धा एखादी युक्ती? चिमणीचा हात सवयीने खोडरबराकडे गेला. बोटं त्यावर थोडा वेळ थांबली.

मग तिने हात मागे घेतला, अठ्ठावीस पूर्णांक दोनच्या खाली ठळक अक्षरात एकोणतीस लिहिलं आणि तिसऱ्यांदा गोळा सोडला.