गटिंगच्या दुकानातला ताणकाटा

मित्रांनो, मला पाहून पुष्कळांना रद्दीवाल्याचा वजनकाटा आठवतो. त्यात त्यांची काही चूक नाही. पितळेची चपटी नळी, आत स्प्रिंग, दोन टोकांना दोन हूक आणि पोटावर किलो-पौंडांच्या रेघा, एवढाच माझा देह. पण रद्दी मी कधी तोलली नाही. मी एक जुना ताणकाटा आहे. माझं सारं आयुष्य बॅडमिंटनच्या रॅकेटमध्ये तार भरून देणाऱ्या एका दुकानात गेलं. या कामाला खेळाडू गटिंग म्हणतात.

स्प्रिंगचा स्वभाव सरळ असतो. दुप्पट ओढलं, की ती दुप्पट लांबते. कारखान्यात माझ्यावर ठरलेली वजनं टांगली आणि काटा जिथे थांबला तिथे रेघ कोरली. तेव्हापासून जेवढा ताण तेवढंच सांगायचं, एवढं एकच काम मला येतं.

दुकान खेळाच्या हॉलला लागून होतं. एका माणसाने हात पसरले, तर दोन्ही भिंतींना लागावेत एवढं अरुंद. भिंतीवर रॅकेटी टांगलेल्या, मध्ये टेबल, टेबलावर यंत्र. यंत्र रॅकेटची चौकट घट्ट धरायचं आणि दांडा फिरवला, की एकेक तार ठरलेल्या ताणापर्यंत ओढायचं. पण यंत्रही वापराने हळूहळू बदलतं. म्हणून सकाळी पहिली रॅकेट हाती घेण्याआधी दुकानाचे मालक काका मला यंत्राला जोडत आणि दांडा फिरवत. यंत्राचा आणि माझा आकडा जुळला, की कामाला सुरुवात. जुळला नाही, तर यंत्राखालचा स्क्रू जरासा फिरवत. "काकांचे चोवीस पौंड म्हणजे चोवीसच," असं खेळाडू म्हणत. त्या बोलण्यात माझाही वाटा आहे, असं मला वाटे.

रॅकेट भरून झाली, की काका तारेवर नख मारून आवाज ऐकत. कान आणि काटा, दोघांची साक्ष जुळली, की रॅकेट भिंतीवर जाई.

काकांची मुलगीही खेळायची. मोठ्या संघाच्या निवडीपर्यंत ती पोचली होती. तिच्या रॅकेटवर काकांचा हात जास्त रेंगाळायचा. तिच्या तारांवर ते पुन्हा पुन्हा नख मारून पाहत.

काकू दुकानात आल्या, की गिऱ्हाइकांसमोर म्हणायच्या, "रॅकेट कुजबुजली तरी यांना ऐकू येतं. मी घसा फोडला तरी नाही." सगळे हसत. काकाही हसत. कोणी त्यापुढे विचार केला नाही.

एका सकाळी यंत्राचा आणि माझा आकडा बरोबर जुळला. पण भरलेल्या रॅकेटवर नख मारताच काकांच्या कपाळावर आठी पडली. त्यांना आवाज बसका वाटला. त्यांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. थकलेली स्प्रिंग कमी ताणालाही जास्त लांबते आणि जास्त आकडा दाखवते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा तर्क चुकीचा नव्हता, मित्रांनो. फक्त थकलं कोण, एवढंच चुकलं. "म्हातारा झाला बिचारा," असं ते मायेने म्हणाले आणि मला खणात ठेवलं.

खणातून दिसत नाही, पण ऐकू येतं. काका आता कानाने तार लावत होते. आवाज मनासारखा होईपर्यंत स्क्रू आवळत होते. यंत्रावरचा आकडा चोवीसच राही, तार मात्र अधिकाधिक उंच वाजू लागली. गिऱ्हाइकांच्या तारा लवकर तुटायला लागल्या. हल्ली मालच चांगला येत नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

मुलीचा कोपर दुखू लागला. तिने तसं सांगितलं, तेव्हा काकांना काळजी वाटली. तार मेलेली, म्हणजे सैल पडलेली असली, की हाताला जास्त जोर लावावा लागतो, असं म्हणून त्यांनी तिची रॅकेट आणखी घट्ट भरून दिली. मी खणात होतो. मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. पण काटा आपण होऊन बोलू शकत नाही.

निवड तोंडावर आली आणि तिला हात उचलवेना. डॉक्टरांनी कोपर तपासला आणि रॅकेट किती ताणाची आहे, असं विचारलं. ती तशीच दुकानात आली आणि तिने खण उघडून मला बाहेर काढलं. काका म्हणाले, त्याचं काही खरं नाही. मापाने मोजून तिने डब्यात दहा लिटर पाणी भरलं आणि डबा मला टांगला. पाणी आणि डबा मिळून जेवढं वजन व्हायला हवं होतं, तेवढंच मी दाखवलं. मग तिने मला यंत्राला जोडलं. यंत्र चोवीस म्हणत होतं. माझा काटा बत्तिसाच्या पुढे गेला.

तिने आपल्या रॅकेटवर नख मारलं. "बाबा, ही तार किंचाळतेय."

काकांनी रॅकेट कानाशी धरली, दुसऱ्या कानाशी धरली. "मला तर भिजल्यासारखी ऐकू येते गं."

त्यांनी रॅकेट टेबलावर ठेवली. मग काकांनी विचारलं, "एवढं दुखत होतं, तर घट्ट आहे म्हणून बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणत होतात सैल आहे. मला वाटलं, माझाच हात कमी पडतोय."

काकांनी कात्री घेतली आणि भिंतीवरची एकेक रॅकेट उतरवून सगळ्या तारा कापल्या. चौकट वाकू नये म्हणून तार मधूनच कापायची असते. त्यांनी प्रत्येक तार मधूनच कापली.

निवड तिच्याशिवाय झाली. कोपरातले तंतू इतके झिजले होते, की डॉक्टरांनी स्पर्धेचा खेळ कायमचा थांबवायला सांगितला. काकांनी कानाला ऐकण्याचं यंत्र लावलं. ती अजूनही दुकानात येते. चहाचा कप डाव्या हाताने धरते.

मित्रांनो, माझ्यावर संशय घेतला, याचं मला दुःख नाही. जुन्या वस्तूवर संशय घ्यावाच. पण संशय आला, तर ती खणात टाकू नका, तपासून पाहा. एक डबा पाणी पुरतं. आणि तपासायचंच आहे, तर स्वतःपासून सुरुवात करा. आपलं काय कमी झालं, ते आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. आणि दुखत असेल, तर सांगा. समोरचा माणूस कितीही जाणता असला, तरी सांगा.

मुलीची रॅकेट दुकानातच आहे. कोणी खेळलं नाही, तरी ताणलेली तार आपोआप सैल होत जाते. म्हणून दर काही महिन्यांनी काका ती कापतात, मला जोडून यंत्र तपासतात आणि नवी तार भरतात. माझा आकडा बरोबर चोवीस येतो. मग ते रॅकेट पुसतात आणि पुन्हा खुंटीला लावतात.