टॅमसिनच्या पानाखालची तारीख

मित्रांनो, मी एक जुना ई-पोर्टफोलिओ आहे. म्हणजे विद्यापीठाच्या संगणकावरची, सगळ्या विद्यार्थ्यांची मिळून एक वही. सध्या मला बंद करायचं घाटतंय, म्हणून आधीच सांगतो, मी मुकाट्याने जाणार नाही.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडचा. इथे प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक शिक्षक असतो. काय जमलं, कुठे अडलं, ते विद्यार्थ्याने माझ्यात लिहायचं आणि शिक्षकाने ते वाचून मगच त्याला भेटीला बोलवायचं. सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! खुद्द कुलगुरूंनी केक कापला. पुढे मुलं 'गटात काम करायला शिकलो' एवढंच लिहू लागली आणि शिक्षक बावीस पानांखाली एकच शेरा डकवून मोकळे होऊ लागले. मला संताप यायचा, पण वहीला कोण विचारतं?

नर्सिंग शिकणाऱ्या टॅमसिनने मात्र नोव्हेंबरात खरं लिहिलं. 'आईला अर्धांगवायू झालाय. सकाळी तिला भरवून निघते, म्हणून नऊचा तास चुकतो. काय करू?' तिचे मार्गदर्शक डॉ. हॅलम. त्यांनी खाली शेरा टाकला, 'छान! असंच चालू ठेव.'

मार्चमध्ये तिला पत्र आलं. गैरहजेरी फार झाली, नाव कमी का करू नये? ती पत्र घेऊन हॅलमांच्या खोलीत गेली.

"अगं, आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"तुम्ही 'छान' म्हणालात ना, तेव्हा."

हॅलमांनी मला उघडलं. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले.

"हा शेरा... पुसता येतो का गं?"

नाही येत! माझ्यात लिहिलेलं तारखेसकट राहतं. शिक्षकांसाठीही मी तो नियम मोडत नाही.

आठवड्याने तिचं नाव ठेवायचं की नाही ते ठरवायला समिती बसली. टॅमसिनने आईचं आजारपण सांगितलं. अध्यक्षा ऑग्डेनबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "पत्र मिळाल्यावर सुचलेलं कारण दिसतंय हे."

टॅमसिनने माझं पान पुढे केलं. बाईंनी तारीख वाचली. "आणि खालचा हा शेरा कुणाचा?"

हॅलम उभे राहिले. मला वाटलं, आता सारवासारव करणार.

"माझा. न वाचता टाकलेला. तिची गैरहजेरी मांडताय, तर माझीही मांडा."

टॅमसिनचं नाव राहिलं. तिला दुपारच्या तुकडीत घेतलं.

आणि आता माझ्या जागी एक फॉर्म येतोय. 'ठीक' किंवा 'ठीक नाही', एका चौकटीत खूण केली की झालं. मी म्हणे वेळखाऊ! आहेच मी वेळखाऊ. आईला भरवून येणाऱ्या मुलीचं म्हणणं एका खुणेत मावतं का?

मित्रांनो, कुणी तुमच्याजवळ मन मोकळं केलं, तर आधी वाचा आणि मग उत्तर द्या. मला खुशाल बंद करा. पण माझी चारशे बारा पानं अजून कुणी उघडलेलीही नाहीत. ती वाचून होईपर्यंत मी इथून हलणार नाही.