बातम्या लागल्यावर

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो. आयुष्यभर मी लोकांनी दिलेलंच बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचं काही बोलतोय, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळी, आत काचेचे व्हॉल्व्ह. ते तापल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. १९६२ च्या दिवाळीत सावळारामने मला दापोडीच्या चाळीत आणलं. तो मूळचा चाकणकडचा शेतकरी, नुकताच पिंपरीच्या कंपनीत लागलेला. मला त्याने काही हौसेने आणलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ रंगराव फौजेत होता, आणि चीनशी लढाई पेटली होती.

बातम्या लागल्या की सावळाराम म्हणायचा, "गप. कुणी बोलायचं न्हाई." त्याची बायको गवराबाई भाकरी थापायची थांबायची. चार वर्षांची कुशा तोंड मिटून बसायची. शेजारचा शौकत मेकॅनिक दारात उभा राहायचा, तोही श्वास रोखून. त्या दिवसांत तसं वागणं बरोबरच होतं.

लढाई संपली. रंगराव धडधाकट परत आला. चाळीत पेढे वाटले गेले, मला हार घातला गेला. नियम मात्र कुणी उठवला नाही. बातम्या लागल्या की घर चिडीचूप. चाळकरी कौतुकाने म्हणायचे, "सावळारामभाऊ, पोरीला वळण मात्र छान लावलंय हं." सावळारामची मान ताठ व्हायची. खरं सांगतो, माझीही व्हायची. इतका मान कुठल्या रेडिओला मिळतो?

कुशा मोठी झाली. काळेवाडीचं स्थळ आलं, लग्न झालं. दोन वर्षांनी एका दुपारी ती एकटीच आली. दंडावरचा पदर तिने घट्ट धरला होता.

"आये, मी परत जायची न्हाई," ती म्हणाली. "त्यो लई मारतो."

गवराबाईने पदर बाजूला केला, पाहिलं आणि परत झाकला. "मला काय इचारतीस? दादा येऊ देत. त्ये ठरवतील."

सावळारामला त्या दिवशी ओव्हरटाइम होता. तो उशिरा आला, हातपाय धुतले, माझं बटण फिरवलं. माझे व्हॉल्व्ह तापायला लागले. तेवढ्या वेळात कुशा बापाला म्हणाली, "दादा, मला बोलायचं हाय."

त्याने न बघताच हात वर केला. "थांब. बातम्या लागल्यात."

ती थांबली. तिला तेच शिकवलं होतं. गवराबाई पळी हातात धरून उभी राहिली. तिलाही सगळं माहीत होतं. धरणात पाणी किती आलं, दिल्लीत कोण काय म्हणालं, हे मी स्वच्छ आवाजात सांगत राहिलो. मधेच जावई दारात आला आणि टोपी काढून मुकाट्याने बसला. त्याच्याही घरी तीच पद्धत असावी.

बातम्या संपल्या. सावळारामने मला बंद केलं. "हां, काय म्हणत व्हतीस?"

कुशाने नवऱ्याकडे पाहिलं. "काय न्हाई. सहज आले व्हते."

तिला चहा दिला, कुंकू लावलं आणि पाठवून दिलं. गवराबाईने चूल सारवायला घेतली. मला काही वाटलं का? बंद केलेल्या रेडिओला काय वाटणार, असंच मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

सावळारामला आजही ठाऊक नाही. कुशा सणावाराला येते, कमी बोलते, हसत नाही. चाळ म्हणते, पोर फार गुणाची.

आता माझ्या जागी टीव्ही आहे. मी कपाटावर, पाठ भिंतीला लावून. व्हॉल्व्ह मिळत नाहीत, असं सांगून शौकतनेही हात टेकले. मागच्या दसऱ्याला कुशा लेकीला घेऊन आली होती. टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या, घर गप्प झालं. ती लहानगी मधेच म्हणाली, "आजोबा, आमचे बाबा ना काल आईला—"

कुशानेच तिच्या तोंडावर हात दाबला.

मित्रांनो, मला पुसा, झाका, जपा, असं मी म्हणणार नाही. तुमच्या शेजारी बसलेलं कुणी बोलायला तोंड उघडत असेल, तर आधी मला बंद करा. बटण त्यासाठीच असतं.