ओकासानचं सोयाबीन

माझा धाकटा भाऊ अंबरीष याला हरणांचा नाद लागला तो अमेरिकेतल्या पोस्टिंगमध्ये. तिथे तो धनुष्यबाणाने शिकार करायचा. पुढे बँकेने त्याला तोक्योला पाठवलं. जपानमध्ये बाणाने शिकार करायला बंदी आहे हे कळल्यावर मी मनातून खूश झाले. पण साहेब गप्प बसणाऱ्यातले नव्हेत.

"शिकार नाही गं ताई, लँड मॅनेजमेंट," तो म्हणाला. "जागा अशी ठेवायची की नर तिथे टिकतो, मॅच्युअर होतो. मी फक्त कॅमेरा लावणार."

जागा कुणाची? माझ्या सासूबाईंची, तोचिगीच्या डोंगरातली. केनशी लग्न करून मी इथे आले त्याला जमाना झाला. सासूबाईंना मी ओकासान म्हणते, म्हणजे आईच. सुनेचा भाऊ मागतोय म्हटल्यावर त्या वाकून "घ्या ना" म्हणाल्या आणि वरचा पडीक तुकडा त्याला मिळाला. शनिवारी तोक्योतल्या निशी-कसाईहून गाडी काढून यायचा, हरणांसाठी गवत पेरायचा आणि मी केलेले पोहे खात आम्हालाच शेती शिकवायचा.

त्या तुकड्याच्या खाली ओकासानचं सोयाबीन. ते बी त्यांच्या सासूचं, हिरवट दाण्याचं, बाजारात न मिळणारं. दर हिवाळ्यात त्याचं मिसो, म्हणजे आमटीत घालायचं आंबवलेलं वाटण, घरच्या लाकडी पिंपात मुरायचं. मग तो भूकंप झाला, अणुभट्टी फुटली आणि वाऱ्याबरोबर जे आलं ते आमच्या मातीत बसलं. पिंप उपडं पडलं. ओकासान मात्र हटल्या नाहीत. वरची माती खरवडून काढली, दर वर्षी थोडं पेरलं, दाणे तपासायला दिले, नापास झाले की पुन्हा पेरलं. गेल्या वर्षी एकदाचे दाणे पास झाले. त्या दिवशी पंच्याहत्तरी ओलांडलेली ही बाई पिंप धुऊन उन्हात ठेवून आली. यंदा त्यांनी होतं नव्हतं ते सगळं बी पेरलं.

"पिंप भरायचं तर हातचं राखून कसं चालेल?" म्हणाल्या.

हरणाचं मांस अणुभट्टीनंतर विकता येत नाही, म्हणून शिकारी कमी झाले आणि हरणं वाढली. तरी आमच्या बाजूला ती क्वचितच उतरायची. मी शेताला जाळं लावलं होतं, ते पुरायचं. सप्टेंबरात पावसाची झड लागली आणि तीन दिवस कुणी वर गेलं नाही. पाऊस थांबल्यावर गेलो तर जाळं आडवं पडलेलं आणि शेतात नुसत्या काड्या.

ओकासान रडल्या नाहीत. खाली आल्या आणि पिंप पुन्हा उपडं केलं. "आता पुरे," एवढंच बोलल्या.

नोव्हेंबरात अंबरीष आला, काखेत फ्रेम केलेला मोठा फोटो घेऊन. "ओकासानना गिफ्ट! बघ ताई, काय नर आहे! दोन्ही शिंगांना चार-चार फाटे!"

नर देखणा होता, खोटं कशाला बोलू? पण त्याच्या पायाशी एक पांढरा दगड होता, चाटून चाटून खोलगट झालेला.

"हे काय?"

"मिठाचा ठोकळा. नर येतात ना त्याला."

"आणि माद्या येत नाहीत? मीठ काय नर-मादी बघून चाटू देतं?"

माद्या मागेच होत्या. जाळं पडलेलं, आणि माना खाली घालून अख्खा कळप सोयाबीनमध्ये. कोपऱ्यात तारीख होती, त्याच पावसातली.

"हा फोटो तुला कधी मिळाला?"

"लगेच फोनवर येतो. तीन रात्री ते तिथेच होते! मी इतका एक्साइट झालो होतो, झोपलोच नाही."

"मागे काय चाललंय ते दिसलं नाही तुला?"

"दिसलं गं. पण तू ओरडत धावली असतीस, आणि हा पुन्हा आला नसता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक फोन! पहिल्या रात्री त्याने एक फोन केला असता तर अर्धं शेत वाचलं असतं. मांजराचा खेळ होतो नि उंदराचा जीव जातो, आणि हे मांजर माझ्याच माहेरचं निघालं.

एवढ्यात ओकासाननी चष्मा आणला. फ्रेम मांडीवर घेऊन खूप वेळ बघत राहिल्या. त्यांचं बोट नरावर गेलंच नाही. ते त्याच्या पोटाखालून मागे सरकलं आणि सोयाबीनच्या एका ओळीवर थांबलं. जपानीत काहीतरी हळू बोलल्या, फोटो छातीशी धरला आणि अंबरीषपुढे वाकून आभार मानले.

"बघ, आवडला त्यांना!" तो म्हणाला. त्याला जपानी येत नाही.

मी त्याला शब्दन् शब्द सांगितला. "त्या म्हणाल्या, ही ओळ अजून उभी आहे. शेंगा भरत आल्या होत्या. हा फोटो मी ठेवू का, माझ्याकडे दुसरा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "ताई, मी ऑनलाइन बी मागवतो. बेस्ट क्वालिटीचं."

"ते बी आता जगात कुठेही नाही. वर जा. ठोकळा, कॅमेरा, जे काय तुझं आहे ते उचल आणि तसाच गाडीत बस."

तो गेला. ओकासान स्वयंपाकघरात चहा करत होत्या. ओट्यावर त्यांनी तीन कप काढले होते. त्यातला एक मी उचलला आणि परत कपाटात ठेवला.