तळ्याकाठचा कॉल

नचिकेत परचुरेला मासे धरण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पुण्यात त्याच्या घरी अंडंसुद्धा शेजाऱ्यांची नजर चुकवून यायचं, तिथे मासा कुठला! असा माणूस अडतिसाव्या वर्षी कॅनबेरात, गुंगालिनमधल्या एका तळ्यावर गळ टाकून बसायला लागला, त्याला कारण झाली त्याची मुलगी.

त्याची बायको मिताली सावनीला घेऊन पुण्याला गेली ती दीड महिन्यासाठी. तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. २०२०चा फेब्रुवारी. विमानतळावर एखाददुसराच मास्क लावलेला माणूस दिसत होता, आणि साडेचार वर्षांची सावनी त्याच्याकडे बोट दाखवून खुदुखुदु हसली होती. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली. नागरिकांना आत येता येत होतं, टेम्पररी व्हिसावाल्यांना नाही. मितालीने परवानगी मागितली, नकार आला. पुन्हा मागितली, पुन्हा नकार. नचिकेत तिकडे गेला असता तर तोही तिकडेच अडकला असता, आणि इथलं काँट्रॅक्ट संपलं की व्हिसाही संपला असता.

"तू तिथेच थांब," मिताली म्हणाली. "एकाने तरी टिकून राहायला हवं."

तो टिकून राहिला. टाउनहाउसच्या वरच्या खोलीत लॅपटॉप, खाली सोफा. थंडीत एकाच खोलीत हीटर लावायचा म्हणून तो सोफ्यावरच झोपायला लागला आणि मग उन्हाळ्यातही तिथेच झोपत राहिला. सुपरमार्केटमध्ये सेल्फ-चेकआउट रिकामे असले तरी तो माणसाच्या काउंटरच्या रांगेत उभा राहायचा. तिथली मुलगी "नो वरीज, मेट" म्हणायची. कधीकधी दिवसभरात समोरासमोर कानावर पडलेलं तेवढंच.

गंमत अशी, की कॅनबेरात तेव्हा करोना जवळजवळ नव्हताच. ऑफिसमधली माणसं वीकेंडला कँपिंगला जात होती, कॅफे भरलेले होते. महामारी होती ती फक्त याच्या घरात.

सावनी सुरुवातीला फोनच्या स्क्रीनची पापी घ्यायची. मग हळूहळू तिचं लक्ष उडायला लागलं.

"जेवलीस का गं?"

"हो."

"काय जेवलीस?"

"भात. बाबा, मी जाऊ?"

हे "मी जाऊ?" आता नेहमीचंच झालं. तो म्हणायचा, "जा," आणि पलीकडे छताचा पंखा दिसत राहायचा.

एका शनिवारी तो तळ्याभोवती चालता चालता तिच्याशी बोलत होता. तिथली तळी म्हणजे पावसाचं पाणी साठवायला केलेले मोठे खड्डे. काठाला पाणवनस्पती, पलीकडे नव्या घरांची कौलं. सावनीचं "मी जाऊ?" आलंच होतं, तेवढ्यात काठावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने काठी उचलली आणि पाण्यातून काहीतरी सोनेरी चमकत वर आलं.

"थांब!" सावनी ओरडली. "बाबा, ते काय आहे? तिकडे ने ना मला!"

बाईने मासा फोनसमोर धरला. जाड थालीपिठासारखा गोल, जुन्या पितळेच्या रंगाचा, बारकं तोंड. सावनी श्वास रोखून बघत राहिली. त्या दिवशी ती बराच वेळ थांबली, आणि पुढच्या शनिवारी नचिकेत मासेमारीच्या दुकानात उभा होता.

बाईचं नाव इरेना. तरुणपणी पोलंडहून आलेली, आता एकटीच. तिच्या मते तो क्रुशियन कार्प. तिच्या गावच्या तळ्यात तो असायचा, तिकडे त्याला कारास म्हणतात. दुकानदार म्हणाला, छे, इकडे कुठला क्रुशियन, कोणीतरी टाकून दिलेले गोल्डफिश असणार ते, पिढ्यान्‌पिढ्या वाढून असे झालेले. इरेना हे ऐकून फणकारली. "मिशा आहेत का त्याला? नाहीत. म्हणजे साधा कार्प नाही. आणि हा पाठीवरचा पर बघ, कसा घुमटासारखा. गोल्डफिश म्हणे!" नचिकेतने त्या वादात कधी नाक खुपसलं नाही. त्याला मासा कुठल्याही जातीचा चालणार होता.

इरेनाने त्याला शिकवलं. कणकेची मटारएवढी गोळी. पाण्यावर तरंगणारा फ्लोट बारीक, टोकाला लाल. हा मासा हावरा नाही, आधी चाखून बघतो. फ्लोट नुसता थरथरतो, कधी बुडण्याऐवजी उलटा वर येतो. तेव्हा घाई करायची नाही.

मग शनिवारची वेळ ठरून गेली. इकडे दुपार कलायला लागली की तिकडे नाश्ता. नचिकेत फोन सामानाच्या डब्याला टेकवून तळ्याकडे तोंड करून ठेवायचा. सावनी पोळीचा रोल खात फ्लोटकडे बघत बसायची. बोलणं असं फारसं व्हायचं नाही.

"हललं!"

"नाही गं, वारा आहे."

"बाबा, वारा पण कणीक खातो का?"

कधी तासभर काहीच व्हायचं नाही, तरी ती "मी जाऊ?" म्हणायची नाही. नचिकेतला तेवढं पुरत होतं.

एकच गोष्ट तो तिच्यापासून लपवायचा. हे मासे इथले नव्हेत, ते तळ्यातल्या इतर जीवांच्या मुळावर येतात, परत सोडू नयेत, असं इरेनाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मासा वर आला की नचिकेत सावनीला तो दाखवायचा आणि फोन आकाशाकडे फिरवायचा. मागे इरेना एका टोल्यात काम आटपायची आणि संध्याकाळी सावर क्रीममध्ये परतून खायची.

"गेला का मासा?"

"गेला. घरी गेला, त्याच्या आईकडे."

वर्ष असं गेलं. २०२१च्या एप्रिलमध्ये पुण्यातून येणारे फोन बदलले. आधी मितालीचे वडील, मुरलीधर आबा, तापाने पडले. मग मितालीही पॉझिटिव्ह आली आणि एका खोलीत बंद झाली. आबांना बेड मिळता मिळेना. नचिकेत इथून ओळखीच्या-अनोळखी लोकांना फोन करत होता, ऑक्सिजनवाल्यांचे नंबर पुढे पाठवत होता, त्यातले निम्मे लागतच नव्हते. आठवडाभरात आबा गेले. घरचं कोणी जवळ नव्हतं. हॉस्पिटलमधूनच परस्पर नेलं. त्याच सुमारास भारतातून येणारी विमानंही बंद झाली.

"सावनीला सांगितलं नाहीये," मिताली दारामागून म्हणावं तशा आवाजात म्हणाली. "आई म्हणते, आत्ता नको. आबा बरे व्हायला गेलेत असं सांगितलंय."

त्या शनिवारी नचिकेत तळ्यावर गेला तो निव्वळ सवयीने. पानं पिवळी पडली होती, काठावर इरेनाशिवाय कोणी नव्हतं, तीही पलीकडच्या वळणावर. फोन येणार नाही असंच त्याने धरलं होतं. पण आला. आजीचा फोन होता आणि समोर सावनी, केस न विंचरलेली, एकटी.

"आजी झोपलीये," ती म्हणाली. "गळ टाकलास का?"

"टाकलाय."

दोघं बघत राहिले. पाणी अगदी स्तब्ध होतं.

"बाबा, आबा पण माशासारखे घरी गेले का? त्यांच्या आईकडे?"

नचिकेतला वाटलं, हो म्हणावं. तोंडात शब्द तयार होता, वर्षभर घोटलेला. पण समोर ती गंभीर होऊन बसली होती, आणि विचारायला तिने नेमकं त्यालाच निवडलं होतं. घरात एवढी माणसं असताना.

"नाही, राजा," तो म्हणाला. "आबा फार आजारी होते. ते वारले. आता ते येणार नाहीत."

ती स्क्रीनकडे बघत राहिली. रडलीही नाही. नचिकेतला फोनमध्ये हात घालता येत नव्हता. ती कुशीत असती तर पाठीवरून हात फिरवला असता. तो गवतावर दोन्ही तळवे टेकून बसून राहिला.

"मासेपण मेले का?" तिने विचारलं.

"हो."

"सगळे?"

"सगळे."

ती मान खाली घालून फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "हललं."

फ्लोट थरथरत होता. थोडा वर आला, तिरका झाला आणि सरकायला लागला. नचिकेतने काठीला हात लावला नाही. माशाने कणीक खाल्ली, फ्लोट पुन्हा सरळ झाला. दोघांनीही ते पाहिलं. कॉल तिने बंद केला नाही. आजी उठून येईपर्यंत ती तिथेच होती.

नंतर इरेना चालत आली. त्याचा चेहरा तिने पाहिला. गवतावर चहाचा थर्मास ठेवला आणि चार पावलं मागे सरकून उभी राहिली, त्याने तो उचलेपर्यंत.

त्या हिवाळ्यात कॅनबेरालाही लॉकडाउन लागला. लाइट रेल रिकामी धावत होती. आता सगळेच घरात होते. ऑफिसच्या मीटिंगमध्ये लोक एकटेपणाबद्दल बोलायचे, तेव्हा नचिकेत कॅमेरा बंद करून ठेवायचा.

डिसेंबरमध्ये दारं उघडली, आणि नाताळच्या आधी तो सिडनीच्या विमानतळावर उभा होता. मिताली त्याला बिलगून रडली. ती बारीक झाली होती, कानाजवळ पांढरे केस आले होते. सावनी ट्रॉलीच्या पलीकडे उभी राहिली. ती इतकी उंच झाली असेल हे फोनमध्ये कधी कळलंच नव्हतं. तिने त्याला नीट निरखून पाहिलं आणि आईचा हात घट्ट धरला. कॅनबेरापर्यंतच्या वाटेवर ती मागच्या सीटवर मितालीच्या मांडीत तोंड खुपसून होती. घरी आल्यावर तिने विचारलं, "तुझ्या घरात बाथरूम कुठेय?"

तो तिला तळ्यावर घेऊन गेला. ऊन मी म्हणत होतं, माश्या तोंडावर बसत होत्या. दहा मिनिटांत ती कंटाळली. "आईकडे जाऊ या," म्हणाली. त्याने सामान आवरलं.

नंतर एका सकाळी मिताली झोपली होती आणि नचिकेत पोहे करत होता. सावनी जिना उतरून आली, अंतर राखून खुर्चीवर बसली. त्याने बशी पुढे ठेवली. तिने चमच्याने पोहे चाळून बघितले.

"मला शेंगदाणे नाही आवडत."

"बरं. काढून देतो."

"नको." तिने स्वतःच एकेक दाणा वेचायला सुरुवात केली. आधी बशीच्या काठावर ठेवले, मग त्याची बशी जवळ ओढली आणि त्यात टाकत गेली. "हे तू खा," ती म्हणाली. "वाया नाही घालवायचे."

"आणि लिंबू?" त्याने विचारलं.

"लिंबू चालतं."

त्याने लिंबाची फोड तिच्या पोह्यांवर पिळली आणि तिच्या बाजूच्या खुर्चीवर बसून शेंगदाणे खायला लागला.